पैलवानाची नाडी

असा जवळ ये बघू, दत्तू. उंबऱ्यात एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून उभा राहू नकोस. साठी उलटली तरी तुझी ही खोड गेली नाही. मी काही सांगायला लागले की निम्मं ऐकायचं, ‘व्हय वैनी, व्हय’ म्हणायचं आणि चालू लागायचं. या वेळी तर तू ‘व्हय’सुद्धा म्हणाला नाहीस. कामशेतच्या बाजारात जाताना मला विचारून जाणारा माणूस तू, आणि एवढ्या लांब गेलास तो न सांगता. आता मी रागावू नको तर काय करू?

आज तेवीस दिवस झाले. घरात बोलायला कुणी नाही म्हणून लिहायला बसले आहे. शेवंता तुंगार्लीला लेकीकडे गेली आहे. तुझी बायको तुझ्या घरात का नाही, ते सांगायचं आहे मला. पण एकदम मुद्द्यावर येणं मला कधी जमलं आहे का? जरा दमानं घे.

मी तिकोणा पेठेत नांदायला आले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि तू सात. सासूबाई तू रांगत असतानाच गेलेल्या. तुझे भाऊ मला पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले, “ह्यो आपला दत्तू. ह्याला बघ.” मग मी बघितलं. तुला आंघोळ घालायची, तुझ्या केसातल्या उवा काढायच्या, शाळेत पिटाळायचं. तुला माझी भीती वाटत नव्हती आणि तरी तू माझं ऐकायचास, याचं मला नवल वाटायचं. पुढं मला मूल झालं नाही. लोक हळहळायचे. मला मात्र त्यात फारसं कमी वाटलं नाही, ते का, हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तू संध्याकाळी चुलीपुढं पाटी घेऊन बसायचास आणि मी भाकरी थापता थापता तुझ्या पाटीवर डोळा ठेवायची. दुसरीत शाळा सुटलेली मी. एकदा मी तुझा धडा मोठ्यानं वाचला तर तू हसून लोळायला लागलास. “वैनी, ह्यो प न्हाई, ष हाय. त्याच्या पोटात काडी गेलीया.” मग रोज एक ओळ तू वाचायचास, एक मी. तू चौथीत गेलास तेव्हा मीही चौथीत गेले असं आपण धरून चालायचो. अनुसया हे नाव जोडून लिहायला तूच शिकवलंस. म्हणालास, “अक्षार कसं बी येऊ दे, पर खालची रेघ सरळ मार. सरळ रेघ बगितली की मान्सं गुमान ऱ्हात्यात.”

ती सरळ रेघ मी कुठं मारली, ते ऐकायला थांब. पळू नकोस.

सोळाव्या वर्षी तू तालमीत जायला लागलास. वस्ताद पहाटे सगळ्या पोरांना जोर-बैठका मारायला लावायचे आणि मग ओळीनं बसवून, जरा दम खाऊ देऊन प्रत्येकाची नाडी धरायचे. दमल्यावरही ज्याची नाडी चढत नाही त्याचं काळीज दांडगं, असा त्यांचा हिशेब. त्याला बदाम घातलेल्या दुधाचा पेला जास्त मिळायचा. तुझी नाडी अठ्ठेचाळीस भरली त्या दिवशी तू धावत घरी आलास आणि मनगट माझ्यापुढं धरलंस. “मोज वैनी.” मला घड्याळातला सेकंदाचा काटा कुठं कळत होता. तूच दाखवलास. घड्याळ बघायला मी तुझ्या मनगटावर शिकले, असं म्हटलं तरी चालेल.

मग ती आपली रीतच झाली. मैदान मारून आलास की मनगट पुढं. पेरणी उरकली की मनगट पुढं. नळावरच्या बायकांना मी ऐटीत सांगायची, “आमच्या दत्तूचं काळीज घाई करीत नाही.” एकीनं विचारलं, “मग बाकी कामाला तरी करतंय का?” त्यावर महिनाभर हसलो आपण.

कुस्ती सुटली, लग्न झालं, कविता झाली, तुझे भाऊ गेले. ते गेले त्या वर्षी शेवंता वेगळी चूल मांडेल, असं गावात जो तो म्हणत होता. तू जेवायला बसलास आणि तिला म्हणालास, “पयलं ताट वैनीचं.” एवढंच. तिनंही पहिलं ताट माझं वाढलं आणि रोज वाढत आली. याबद्दल मी तुम्हा दोघांनाही कधी काही म्हटलं नाही. असं काही बोलायचं म्हटलं की माझ्यासारख्या बडबडीचीसुद्धा जीभ आखडते.

आता यंदाच्या माघातलं ऐक. राब भाजायचे दिवस होते. भाताचं रोप टाकायची जागा भाजायला तू डोंगरातून झाडाच्या फांद्यांचा भारा आणत होतास. मी मागं रिकाम्या हातानं येत होते, तरी मला धाप लागली होती. वरच्या खाचराच्या बांधावर चढलास आणि भाऱ्यासकट खाली बसलास. बसलास म्हणते मी, पण पडलास तू. डोळे पांढरे झाले होते. मी तोंडावर पाणी मारेपर्यंत उठूनही बसलास.

“काय न्हाई वैनी, जरा अंधारी आली. शेवंताला सांगू नगंस.”

मी तुझं मनगट धरलं. तुझ्याच हातातलं घड्याळ बघून मोजलं. अडतीस. एवढा चढ चढून, डोक्यावर भारा घेऊन, अडतीस.

तू हसलास. “बग. तसूभर हाललं न्हाई. वस्तादाचा पट्ठ्या हाय अजून.”

आणि मीही हसले रे. “आहेस बाबा,” म्हणाले आणि तुझ्या पाठीवर थाप मारली. कुस्ती सोडून तुला पस्तीस वर्षं झाली होती, हे तुझ्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही. ज्याला भ्यायचं, त्याचंच आपण कौतुक करत बसलो.

शेवंताला मी सांगितलं नाही. तू शब्द घेतला होतास. फाल्गुनात कविताच्या बाळंतपणासाठी ती तुंगार्लीला गेली आणि चार दिवसांत ओसरीवर चहा पिता पिता तुझ्या हातातली कपबशी पडली. या वेळी तू लवकर उठला नाहीस. मी कपडे बदलले आणि म्हणाले, “चल.” तू म्हणालास, “कुटं?” मी म्हणाले, “बोलायचं नाही, एसटीत बसायचं.” आणि बसलास की मुकाट. माझं ऐकायचास तू. म्हणून तर जीव जळतो माझा.

तळेगावची ती डॉक्टर पोर आपल्या कविताच्या वयाची. तिनं तुझ्या छातीला, हातापायांना वायरी लावल्या आणि कागदाची लांब पट्टी काढली. मग विचारलं, “आबा, चक्कर येते का?”

“न्हाई.”

“येते,” मी म्हणाले. “दोनदा पडला.”

“वैनी, तू गप. बाई, पैलवानाची नाडी अशीच असती. तुमी शिकलेल्या, पर तालमीतलं तुमाला काय म्हाईत.”

ती रागावली नाही. म्हणाली, “खरं आहे आबा. कसलेल्या माणसाची नाडी संथच असते. पण चढ चढल्यावर ती वाढते. तुमची वाढते का?”

तू माझ्याकडं बघितलंस. मी जमिनीकडं.

मग तिनं कोऱ्या कागदावर काळीज काढून दाखवलं. चार खोल्या, दोन वर, दोन खाली. वरच्या उजव्या खोलीच्या भिंतीत एक बारीकशी जागा असते. तिथं आपोआप वीज उठते, कुणी सांगावं लागत नाही. ती वरच्या दोन्ही खोल्यांवर पसरली की त्या आवळतात आणि रक्त खाली उतरतं. मधल्या पडद्यापाशी दुसरी जागा असते. ती त्या विजेला क्षणभर अडवते, पापणी लवायलाही जास्त वेळ लागतो एवढं कमी, पण अडवते. का, तर खालच्या खोल्या भरायला सवड मिळावी. मग तिथून एक दोरा खाली जातो, त्याला उजवा-डावा असे फाटे फुटतात, फाट्यांना बारीक तंतू, आणि खालच्या खोल्या तळापासून वर पिळून निघतात. तो एक ठोका. जन्मल्यापासून चालू आहे, आईच्या पोटातही चालूच होता, म्हणाली.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, “म्हणजे आमच्या खाचरांसारखंच की. वरचं खाचर भरेपर्यंत बांध फोडायचा नाही, आणि फोडला की पाणी खाली सगळीकडं पसरायला हवं.”

ती हसली. “अगदी तसं, आजी. फक्त पाण्याच्या जागी वीज.”

मग पट्टीवर पेन टेकवून म्हणाली, “हे बारीक उंचवटे वरच्या खोल्यांचे. बघा, किती भराभर आहेत. आणि ही उंच टोकं खालच्या खोल्यांची. या दोघांचा आता एकमेकांशी काहीच मेळ नाही. वरून निरोप निघतोय, मधे अडतोय, खाली पोचतच नाही. खालच्या खोल्या वाट बघून आपल्या मनानंच हळूहळू चालल्यात. म्हणून अडतीस. ही पैलवानाची नाडी नाही, आबा. आणि हे खालचं कधी थांबेल सांगता येत नाही.”

ती पट्टी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, दत्तू. मी ते बारीक उंचवटे बोटानं मोजले. वर सगळं तरणंताठं होतं. वरून हाका चालल्याच होत्या.

ती म्हणाली, पेसमेकर बसवायला हवा. गळ्याच्या हाडाखाली कातडीत छोटं यंत्र, त्याची वायर काळजात. वरचा निरोप अडला की ते आपण होऊन खाली पोचवतं. आजच दाखल व्हा, मी चिठ्ठी देते.

“आठ दिसांवर यात्रा हाय बाई,” तू म्हणालास. “आखाड्याचा पंच मी हाय.”

“आबा, जीव आहे तर यात्रा आहे.”

तू सदऱ्याची बटणं लावलीस. मग म्हणालास, “वैनी सांगंल तसं.”

तिनं माझ्याकडं बघितलं, तूही बघितलंस. इथं मला खोटं बोलायचं नाही. मला कळलं नव्हतं असं नाही. सगळं कळलं होतं, खाचराची उपमा मीच दिली होती. पण गेली दोन वर्षं गावानं तुला डावलून दुसऱ्याला पंच केलं होतं. तू वर तोंड करून हसायचास आणि घरी येऊन जेवायचा नाहीस. यंदा पाटलांचा थोरला स्वतः घरी येऊन नारळ देऊन गेला होता. गुलाबी फेटा बांधून तू आखाड्याच्या मधोमध उभा आहेस, हलगी थांबली आहे, आणि तू हात वर केल्याशिवाय कुणी कुणाला भिडत नाही, हे मला एकदा बघायचं होतं. तुला जेवढी हौस होती त्याहून मला जास्त होती.

मी म्हणाले, “आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे बाई. यात्रा झाली की मी स्वतः घेऊन येते.”

ती बराच वेळ बोलली. मग तिनं कागद पुढं केला. दाखल व्हायचा सल्ला दिला होता, आम्ही आमच्या जबाबदारीवर घरी जात आहोत. तू सही केलीस. मग तिनं कागद माझ्याकडं सरकवला, नातेवाइकाची सही म्हणून. मी अनुसया लिहिलं आणि खाली सरळ रेघ मारली.

येताना एसटीत तू पोरासारखा खूश होतास. “तू व्हतीस म्हनून सुटलो, वैनी.” मी म्हणाले, “सुटला नाहीस. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जायचं.” तू म्हणालास, “अगं पर मानूस मेला तरी ते यंतर चालूच ऱ्हातंय म्हनं. मग जाळायचं कसं?” मी म्हणाले, “ते जाळणारे बघतील, तुला काय करायचंय.” पुढच्या बाकावरची बाई मागं वळून बघायला लागली. मी पुन्हा म्हणाले, “जायचं म्हणजे जायचं, कबूल कर.” तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, “बगू.” कबूल काही केलं नाहीस. ते भांडण तिथंच राहिलं आहे. मी रोज ते पुढं नेते, रोज मी जिंकते, आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तू आखाड्यात माती मळायला गेलास. ताक, तेल, हळद, लिंबं, सगळं मीच काढून दिलं. तासाभरानं शेजारचे तुकारामभाऊ फाटकात आले. त्यांनी आखाड्याकडं हात केला. मी चपला न घालता धावले. तू त्या मऊ मातीत कुशीवर निजला होतास, खोरं बाजूला. माणसं म्हणत होती, पैलवान खाली बसले, मग आडवे झाले, आमाला वाटलं चेष्टा करत्यात. मी तुझं मनगट हातात घेतलं आणि सवयीनं मोजायला लागले. तुझ्या घड्याळाचा काटा फिरत होता. माझा एकसुद्धा आकडा पुढं जाईना. लोकांनी मला उठवेपर्यंत मी मोजायलाच बसले होते.

यात्रेला कुस्त्या झाल्या नाहीत. देवाला नुसता निवद दाखवला.

तेराव्याला जावई कागदपत्रं मागत होते. फाइल माझ्या पेटीत होती, सहीच्या त्या कागदाची प्रत तिच्यातच. काढून टाकता आला असता तो एक कागद. तसं मनात आलंही, ते लपवत नाही. पण सगळे बसले होते तिथं मी तो वर ठेवला आणि शेवंताला म्हणाले, “ही सही माझी आहे.” आणि सगळं सांगितलं, अडतिसासकट, पाठीवरच्या थापेसकट.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. कागद मांडीवर घेऊन तिनं दोन्ही सह्या वाचल्या. मग म्हणाली, “अक्का, माजं त्यांनी कदी ऐकलं न्हाई. तुमचं ऐकलं अस्तं. तुमी नुसतं ‘दवाखान्यात ऱ्हा’ म्हनायचं हुतं.” त्याच दुपारी पिशवी भरून ती जावयाच्या गाडीत बसली. जाताना माझ्या पाया पडली. ती नसती पडली तर बरं वाटलं असतं मला.

गेल्या आठवड्यात मी एकटीच तळेगावला जाऊन आले. डॉक्टर पोरीला विचारलं, त्या दिवशी दाखल झाला असता तर? तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “तर बहुतेक आज असते, आजी.” ती खोटं बोलली नाही, याबद्दल मी तिचे उपकार मानले. मग विचारलं, दुखलं असेल का त्याला? म्हणाली, “नाही. खालचं थांबलं की काही क्षणांत शुद्ध जाते.” ते मात्र तिनं खरं सांगितलं की माझ्यासाठी सांगितलं, कळत नाही. मी खरंच धरलं आहे.

शेवंताला मी तीनदा फोन लावला. कविता उचलते. “आई झोपलीय मोठी आई,” म्हणते, भर बारा वाजता. बाळाचा आवाज येतो मागून. मुलगा आहे, तुझ्यासारखा कपाळानं मोठा, असं ऐकलं आहे. मी अजून त्याला बघितलेलं नाही. बघायला कुठल्या तोंडानं जाऊ?

मला माफ कर, असं मी तुला म्हणणार नाही. तू लगेच करशील आणि विसरून जाशील, तुझी माफी कायम स्वस्त होती. जिची हवी आहे ती तुंगार्लीला भिंतीकडं तोंड करून पडली आहे. मी स्वयंपाक करते, दोन ताटं घेते, एक परत फळीवर ठेवते. आमच्या दोघींची पस्तिशीकडं चाललेली सोबत, एका कागदानं संपली म्हणायला मन घेत नाही.

म्हणून एवढं कर, दत्तू. आधी तिच्याकडं जा. तिच्या स्वप्नात गेलास तर हसू नकोस, तिला चेष्टा नको आहे आता. तिला सांग, यात्रेची हौस दोघांची होती आणि ‘आठ दिवसांचाच तर प्रश्न’ म्हटलं ते वैनीनं. माझं काही झाकू नकोस. ती रागावली तर रागावू दे, मधे बोलू नकोस, ऐकून घे. नातवाच्या डोक्यावरून हात फिरव. आणि मग इकडं ये. दुपारी ये, रात्री मला झोप नसते, दुपारी ओसरीवर जरा डोळा लागतो. एकटा आलास तरी चालेल, तिला घेऊन आलास तर फारच बरं. पण लवकर ये.